नानाच्या घागरीसाठी टोपीवाला

८ मार्च, शनिवार

कॉलेजला निघताना म्हसावदहून मायचा फोन. बरी आहेस का, जेवलीस का, काही नाही. एकदम, "औंदा आखाजीले नानानी घागर भरनी शे. तू येजो." चपलेत एक पाय घातलेला, तशीच उभी राहिले.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात ती गेलेल्या माणसाची. नाना, आमचा ना., कुठे गेलाय? म्हणजे गेलाच आहे, पण तसा नाही. नऊ वर्षांपूर्वी वरातीत बँड वाजवता वाजवता "पानी पी येस" म्हणाला आणि बाजूला झाला, तो आजतागायत पाणीच पितोय.

हे चहा पीत होते. "काय म्हणतात आई?" म्हटलं, काही नाही, भावाला मारायचं ठरतंय. उगाच तोडून बोलले. दिवसभर लायब्ररीत चुकीच्या पुस्तकांवर शिक्के मारले.

९ मार्च, रविवार. म्हसावद

आले ती भांडणातच. वहिनी भाकरी थापत होती, आणि माय दारात बसून तिला ऐकू जाईल असं मला सांगत होती.

"नऊ वरीस व्हई गयात. तो जर गया व्हई, तर नऊ वरीसफाईन पान्यावाचून शे मन्हा आंडोर. मी माय शे. माले ते सहन व्हस नही."

वहिनीने भाकरी तव्यावर टाकली आणि मगच बोलली. "जित्ता मानूसनी घागर कोन भरस, ताई? आज भरी टाकी, आन उद्या त्या दारमा उभा ऱ्हायनात तर?" त्या म्हणजे ना.; नवऱ्याचं नाव ती घेत नाही.

मग दोघी माझ्याकडे बघत बसल्या. माय म्हणे, "तू शिकेल शे. तू सांग."

डोंबल शिकलेली! पुस्तकांना नंबर टाकते मी. पण दोघींचंही खरं आहे. जिवंत माणसाची घागर भरली तर त्याचं मरण ओढवून आणतो आपण. मेलेल्याची नाही भरली तर तो तहानलेला फिरतो. आणि ना. तर पाणी प्यायलाच गेलेला.

वहिनीच्या कपाळावर कुंकू ठसठशीत. घागर भरली की तेही पुसायचं, हे मायला कळत नाही असं नाही.

निघताना माय म्हणाली, "घागरनं मंग देखू. पन त्यादिन त्यान्हा टोपीवाला लाव. त्यामाईन सगळास्मा चांगला व्हई तो काढी ठेव." यावर वहिनीने उठून त्याची पेटी काढून दिली. म्हणजे गाण्यावर एकमत झालं. नानाची पत्र्याची पेटी नंदुरबारला घेऊन आले. बसमध्ये मांडीवर.

१० मार्च, सोमवार

पेटीत टोपीवाल्याचे निवडक गाण्यांचे संग्रह चार. मला वाटलं होतं तीन.

लाल: कॅसेट. ना. सुरतला शिकत होता तेव्हा फुटपाथवर घेतलेली. अमेरिकन गाणारा, आमच्या जन्माच्या आसपासचा. नाव आम्हाला धड म्हणताही यायचं नाही. मुखपृष्ठावर दीड हात उंच टोपी, म्हणून टोपीवाला. नानाने टोपी बघून घेतली, दुसरं कारण नाही.

निळी: दोन सीडी.

डबा: चार सीडींचा खोका, जाड पुस्तकासकट.

आणि एक पांढरी, जिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही. वहिनीला फोन केला. म्हणाली, "ती कुरियरघाई येल. त्या गयात ना, त्यानंतर वीस-बावीस दिनमा. त्यास्नीच मागाडेल व्हती. मी उघाडी नही."

मीही आज उघडली नाही. चौघांतून एक निवडायचा. यावरून ना. आणि मी वीस वर्षं भांडलो आहोत, आता एकटीनेच भांडायचं.

१२ मार्च, बुधवार

कॉलेजहून आल्यावर लाल लावली. ह्यांनी माळ्यावरचा जुना टेप काढून दिला, वर टोमणा, "मॅडम, गरबा आहे का घरात?"

संग्रह म्हणून लाल अगदी टाकाऊ. गाणी तीन-तीन मिनिटांत कापलेली, रंगात आली की आवाज हळूहळू बंद. दोन गाणी तर दुसऱ्याच कोणाची असावीत. पण दुसऱ्या बाजूचं चौथं, ते आमचं. खाली बेस गिटार तेच-तेच घोटत राहते, वर पितळी वाद्यं मध्येच चापट मारल्यासारखी वाजतात. ना. म्हणायचा, हे आपल्या बँडसाठीच केलंय त्याने, त्याला फक्त माहीत नाही.

आणि मग ठेच आली. गाण्याच्या मध्यावर एक ठोका नाही. पाय उचलतो आणि खाली जमीन नाही असं होतं.

ती ठेच माझी. दहावीत होते. पेन्सिल घालून टेप गुंडाळताना मीच चुरगाळली. ना. रागावला नाही. चुरगाळलेला तुकडा ब्लेडने कापला, चिकटपट्टीने जोडला. ठोका गेला तो गेला. त्यावरूनच त्याने बँडला गाणं बसवलं, ठेचेसकट. मग म्हसावद काय, शहादा काय, कोरीटपर्यंत प्रत्येक हळदीला लोक ओरडायचे, "नाना, ते ठेचनं वाजाड!" ठेच आली की अख्खी वरात एक पाय वर. म्हातारे, नवरदेवाचे मामा, सगळे. लोकांना वाटतं ते आपल्याकडचंच जुनं गाणं आहे. अमेरिकेत कोणाला सांगून खरं वाटणार नाही.

१६ मार्च, रविवार

निळी ऐकली. गाणी पूर्ण लांबीची, क्रमही कोणीतरी जीव लावून ठेवलेला. आमच्या गाण्यात अर्थातच ठेच नाही. सगळे ठोके जागेवर. मला नेहमी हीच बरी वाटायची, आणि ना. म्हणायचा, "ठेच नही ते गानं नही, सुनू." सुनू म्हणजे मी. मी म्हणायचे, अरे ते बिघडलंय! तो हसायचा.

दुपारी रूपसिंग आला. नानाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा, घर काठी गावाकडे डोंगरात. त्या वरातीतही तोच होता. ना. दिसेना तेव्हा पहिल्यांदा शोधायला गेला तोही हाच. काठीची होळी करून थेट आला होता, कपाळाला अजून राख. पाणी दिलं तर हातात धरून बसला.

"ताई, होळीला आपली ठेच वाजली."

कोण वाजवत होतं?

"माहीत नाही. ढोल किती असतात तिथे. पहाटे होळी पेटली, सगळे नाचत होते, आणि मध्येच ठेच. माझा पाय आपोआप वर गेला. बाकी कोणाचा गेला नाही. मी सगळ्या ढोलांपाशी फिरून आलो, ताई."

म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं त्या भागात वाजवलंत, उचलली असेल कोणीतरी.

"असेल," म्हणाला. मग म्हणाला, "पण नानादादा वाजवायचा तशी होती. जराशी उशिरा."

वहिनीला हे सांगावं की नाही? ती उद्याच पिशवी घेऊन डोंगरात जाईल.

१७ मार्च, सोमवार

सांगितलं. राहवलं नाही. वहिनी म्हणाली, "मी सांगतच व्हती." फोन ठेवला.

२३ मार्च, रविवार

डबा संपवला. चार सीडी, दोन दुपारी गेल्या. सगळं आहे, नको तेही आहे. एकच गाणं तीनदा, त्यातल्या एकात टोपीवाला खोकतो. हा संग्रह नव्हे, कोठार आहे. निवड म्हणतात ती काहीतरी बाजूला ठेवायला लागतं तेव्हा. जाड पुस्तक चाळलं. आमचं गाणं एका दमात, एकदाच वाजवलं, म्हणून एकच प्रत, असं लिहिलंय. तिन्ही ठिकाणी तेच ध्वनिमुद्रण. बरं झालं, आता फक्त पांढरी राहिली.

वहिनी रूपसिंगबरोबर दोन दिवस काठीकडे जाऊन आली. हाती काही नाही. लोकांनी भाकरी दिली, म्हणाले असा कोणी इथे नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उतरवून झाल्यावर पांढरी उघडली. प्लास्टिक नखाने निघेना, सुरी घेतली. आतून नव्या वस्तूचा वास आला. नऊ वर्षं कोणाचा हात न लागलेली.

आवाज धुऊन-पुसून लख्ख केलेला, जरा जास्तच. बेस छातीत लागतो. आमचं गाणं सहावं. मी साडीच्या घड्या घालत होते.

ठेच आली.

मी घडी तशीच धरून उभी. मागे नेलं, परत लावलं. आली. त्याच जागी. ह्यांना हाक मारली. हे दोनदा ऐकून म्हणाले, "मला तर सगळं सारखंच वाटतं बुवा." यांना काय विचारायचं! यांचं स्वतःच्या लग्नाच्या बँडकडेही लक्ष नव्हतं.

शेजारच्यांच्या गाडीत लावून पाहिली. आहे. मोबाईलवर तोच संग्रह शोधून लावला. नाही.

माझ्या पेन्सिलीने आणि नानाच्या ब्लेडने गेलेला ठोका अमेरिकेत बनलेल्या, सीलबंद सीडीत कसा नाही? घाबरले आहे.

५ एप्रिल, शनिवार

चार-पाच दिवस लावली नाही. कारखान्यात सीडीला ओरखडा पडला असेल, तोही नेमका तिथे, अशी समजूत घालून घेतली. आज लावली. ठेच एका ठोक्याची नाही. दोन ठोके रिकामे. दोन म्हणजे दोन, हाताने टाळी धरून मोजले. ऊन रणरणत होतं, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि त्या दोन ठोक्यांत घर इतकं गप्प झालं की पंखाही ऐकू येईना.

१३ एप्रिल, रविवार

चार ठोके.

पाय उचललाय कोणीतरी आणि टेकवत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. वहिनी आली होती, कपडे शिवायला टाकायच्या निमित्ताने. तिला काही न सांगता पांढरी लावली. ती शेंगा सोलत ऐकत होती. जागा आली तसे तिचे हात थांबले. मी मनात मोजत होते. सहा, सात, आठ. मग पितळी वाद्यं पुन्हा सुरू.

तिने विचारलं, "एवढा येळ कसाले?"

म्हटलं, तुला काय वाटतं?

"दूर गया व्हतीन त्या. पानी जवळ नसस तठे." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली, जणू कोणाला बाजारातून यायला उशीर होतोय. मला तिचा राग आला, आणि रडूही आलं. नऊ वर्षं ही बाई रोज संध्याकाळी त्याच्या वाटचं पीठ भिजवते. माय म्हणते वेडी आहे. पण आठ ठोके तिनेही ऐकले.

२२ एप्रिल, मंगळवार

मायचा फोन. घागर आणली. घागरीवर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, सांगून ठेवलं आहे. "तू कोनता काढा?" म्हटलं, अजून ठरत नाही. "चार मधलं एक काढाले दीड महिना? नवरदेव निवडाले एवढा येळ लागना नव्हता तुले!" हसले. माय अशी बोलली की वाटतं काहीच झालेलं नाही.

ठरवलं पाहिजे मात्र. निळी चांगली, यात वाद नाही. कोणी परक्याने विचारलं तर निळी घे म्हणेन, डोळे मिटून. डबा नको. पांढरीला मी आता हात लावत नाही, फडक्यात बांधून कपाटात वर ठेवली आहे.

पण आखाजीला ज्याच्यासाठी लावायचं त्याची निवड लाल. भिकार, कापलेली, चिकटपट्टीची लाल. वीस वर्षं भांडून शेवटी त्याचंच खरं करतेय. जिंकलास रे बाबा.

२९ एप्रिल, मंगळवार. म्हसावद

माहेरी आले. गल्लीत झोके बांधलेत, पोरी आखाजीची गाणी म्हणताहेत. आमच्या घरात पुरणाचा वास आणि अबोला. घागर भरायची का नाही, अजून माझ्यावरच.

दुपारी दोघींना बसवून सांगितलं. घागर भरू, पण त्याच्या नावाने नाही. उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढतो ती आमच्या वडिलांच्या, बापूंच्या, आणि आजोबा-आजीच्या नावाने, नानाच्या नावाचं बोट ओढायचं नाही. ही वेगळी घागर दारात ठेवू. तहानलेला कोणी येईल, तो पिईल. मेलेला असो, जिता असो.

माय आधी म्हणे, "असं कोठे ऱ्हास का?" मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पानी ते पानी." वहिनीने घागर उचलून धुवायला घेतली. मला इतकं हलकं वाटलं की मी तीन सांजोऱ्या खाल्ल्या.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी घागर मी स्वतः काठोकाठ भरली. वर लहान मडकं, त्यावर डांगर, सांजोऱ्या, आंबा. मायने उंबरठ्यावर बोटं ओढली, एकेक नाव घेत. बापूंच्या बोटानंतर तिचा हात थांबला. वहिनी दाराला धरून उभी. मायने हात पदराला पुसला.

मग मी टेप लावला. लाल, दुसरी बाजू, चौथं गाणं. गल्लीतल्या पोरी झोके थांबवून बघायला आल्या. ठेच जवळ आली तशी त्यांच्या आयांनी सवयीने पाय उचलला, मीसुद्धा.

ठेच आली नाही.

ठोका होता. तिथे, जागेवर, भरीव. सगळ्यांचे पाय चुकीच्या वेळी वर. बायका हसायला लागल्या, "काय वं, बिघडना का?" गाणं पुढे गेलं.

मी टेप बंद करून कॅसेट बाहेर काढली, टेप ओढून पाहिली. जोड तिथेच. पिवळी पडलेली चिकटपट्टी, नानाने तिरका मारलेला ब्लेड. कापलेला तुकडा तर त्याने माझ्यादेखत चुलीत टाकला होता.

मान वर केली तर वहिनी डोक्यावरून पदर घेत होती. घरात वडीलधारं कोणी आलं की घेते तसा. मायला म्हणाली, "आत्या, त्यास्ना पाय टेकना." माय आगारीला, पितरांचा घास विस्तवावर टाकायला, निखारे फुंकत होती, डोळ्यांतून पाणी चाललेलं, धुराचं की कशाचं. म्हणाली, "लागनी. घागर लागनी मन्हा आंडोरले. आते तो सुटना."

एकच ठोका. एकीचा आला आणि एकीचा सुटला. दोघी एका ताटात जेवल्या, किती वर्षांनी. मी दोघींना वाढत राहिले.

संध्याकाळी घागर पाहिली. चार बोटं कमी. मातीची घागर पाझरते, आणि वैशाखाचं ऊन. खाली हात फिरवून पाहिला. जमीन कोरडी होती.

१ मे, गुरुवार

नंदुरबारला परत. वहिनी म्हणाली, "टेप आन लाल आठेच ऱ्हाऊ द्या, ताई." ठेवून आले. घरी आल्या-आल्या कपाटातून पांढरी काढली, मन घट्ट करून लावली. पूर्ण गाणं. एकही ठोका रिकामा नाही. चारदा ऐकलं. आता ती बाजारातल्या कुठल्याही पांढरीसारखी आहे.

हे म्हणाले, "मग? सगळ्यांत चांगली कुठली ठरली?" यांना काय सांगू?

४ मे, रविवार

दुपारी वहिनीचा फोन. आवाज अगदी रोजचा.

"ताई, मी लाल लायी व्हती आज."

मग?

"ठेच शे. व्हती तठेच शे."

तिकडे मागे माय कोणाला तरी सांगत होती, नानाचं सुटलं म्हणून. वहिनीने आवाज खाली घेतला.

"त्या येल व्हतात, पानी पिनात, आन परत निंघी गयात. आत्यास्ले सांगू नका."

मग जरा थांबून तिने विचारलं, "पुढला साल बी भरूत ना, ताई? दारमा?"

म्हटलं, भरू.

"मंग ठीक शे," म्हणाली. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, "पन ताई, ते पानी जित्ता मानूस पिना, का..."

मी फोन धरून बसले. तिच्यामागे टेप चालूच होता, आमचं गाणं पुन्हा त्या जागेपाशी येत होतं, आणि आम्ही दोघी ऐकत राहिलो.